सृष्टीचे कारभारी : सर जॉन हॉटन

धर्म आणि विज्ञान यांच्या कलहाच्या कथा युरोपच्या इतिहासात पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा साचा एकच असतो. शास्त्रज्ञ काही नवे सत्य सांगू लागतो, धर्मपीठ त्याला अडविते, आणि पुढे काळ शास्त्रज्ञाच्या बाजूने कौल देतो. गॅलिलिओची कथा ह्याच साच्यातली. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस हवामानबदलाच्या प्रश्नावरून ख्रिस्ती जगात जो वाद उभा राहिला, त्याची घडण निराळी होती. ह्या वादात शास्त्रज्ञ हाच निष्ठावंत ख्रिस्ती होता. प्रयोगशाळेत मिळविलेले ज्ञान आणि बालपणापासून वाचलेला धर्मग्रंथ ही दोन्ही हाती घेऊन तो आपल्याच धर्मबांधवांच्या दारी गेला. त्यांतील काहींनी दार उघडले, काहींनी उघडले नाही. सर जॉन हॉटन हे त्या शास्त्रज्ञाचे नाव. त्यांच्या जीवितकार्याचा हा वृत्तांत आहे.

प्रथम, श्रोतेहो, मूळ प्रश्नाचे स्वरूप थोडक्यात पाहणे जरूर आहे. सूर्याची उष्णता पृथ्वीवर येते आणि पृथ्वी ती अदृश्य अशा अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशात परत पाठविते. वातावरणातील काही वायू ह्या परतणाऱ्या उष्णतेचा काही भाग अडवून धरतात. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, हे त्यांतील प्रमुख होत. हे वायू मुळीच नसते तर पृथ्वी गोठून गेली असती. थंडीच्या रात्री अंगावरचे पांघरूण जसे उपकारक, तसेच ते उपकारक आहेत. पण पांघरुणावर पांघरुणे चढत गेली म्हणजे निजलेला मनुष्य घामाघूम होतो, त्यातला हा प्रकार आहे. कर्बवायू उष्णता अडवितो हे जॉन टिंडल यांनी १८५९ साली लंडन येथे प्रयोगांनी सुरू केलेल्या अभ्यासातून दाखवून दिले. त्याचे प्रमाण वाढल्यास पृथ्वीचे तापमान किती चढेल ह्याचे गणित स्वीडनमधील स्वांते अर्हेनियस यांनी १८९६ साली मांडले. पुढे १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर हा वायू नियमितपणे मोजावयास प्रारंभ केला. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दर दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. कीलिंग यांनी मोजणीस हात घातला तेव्हा ते सुमारे ३१५ झाले होते. दगडी कोळसा आणि खनिज तेल जाळल्याचा हा परिणाम होता.

शास्त्र येथवर येऊन ठेपले असता धर्मावर एक गंभीर आरोप ठेवण्यात आला. लिन व्हाइट हे मध्ययुगीन यंत्रकलेच्या इतिहासाचे नामांकित अमेरिकन अभ्यासक. त्यांनी १९६७ साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. बायबलच्या ‘उत्पत्ती’ ह्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव मनुष्याला जलचर, खेचर आणि भूचर यांवर सत्ता देतो. पाश्चात्त्य ख्रिस्ती समाजाने ह्या वचनाचा अर्थ असा लावला की, सृष्टी ही मनुष्याच्या उपभोगासाठीच निर्माण झाली आहे. आणि आधुनिक यंत्रविद्येची बेगुमान वृत्ती ह्याच समजुतीतून निपजली, असा व्हाइट यांचा दावा होता. हा आरोप करणारा गृहस्थ नास्तिक नव्हता, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. व्हाइट हे एका धर्मोपदेशकाचे पुत्र आणि स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते. रोगाचे मूळ धर्मविचारात असेल तर औषधही तेथेच शोधले पाहिजे, असे सांगून त्यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसला निसर्गाभ्यासकांचा आश्रयदाता मानावे, अशी सूचना केली. पुढे १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत फ्रान्सिसला तसा मान दिलाही. परंतु आरोप खोडून काढावयाचा तर सन्मान पुरेसे नव्हते; धर्मवचनाचा अर्थ आणि श्रद्धावंतांचे आचरण ह्या दोहोंची नव्याने तपासणी होणे अवश्य होते. ते काम ज्या थोड्या लोकांनी मनावर घेतले त्यांत हॉटन यांचे स्थान मोठे आहे.

जॉन थिओडोर हॉटन यांचा जन्म ३० डिसेंबर १९३१ रोजी वेल्स प्रांताच्या उत्तर भागातील डिसर्थ ह्या गावी झाला. वडील इतिहासाचे शिक्षक होते आणि घरातील वातावरण धर्मनिष्ठ होते. मुलाची बुद्धी गणित आणि पदार्थविज्ञान ह्यांत विशेष चाले. वयाच्या सोळाव्या वर्षीच त्यांना ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे वातावरणाचे पदार्थविज्ञान हा त्यांच्या अभ्यासाचा विषय ठरला आणि १९७६ साली ऑक्सफर्ड येथे ते त्याच विषयाचे प्राध्यापक झाले.

त्यांच्या संशोधनातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जमिनीपासून कित्येक मैल उंचीवरील हवेचे तापमान सर्व पृथ्वीभर कसे मोजावे, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. फुगे सोडून मोजावे तर ते थोड्याच ठिकाणी सोडता येत. महासागर आणि वाळवंटे मोजणीबाहेर राहत. कर्बवायू ठरावीक लांबीच्या अवरक्त लहरी शोषतो आणि त्याच बाहेर टाकतो. त्या किरणांच्या तीव्रतेवरून हवेचे तापमान समजते. तेव्हा हॉटन आणि त्यांचे सहकारी डेस्मंड स्मिथ यांनी अशी योजना केली की, उपकरणात कर्बवायूनेच भरलेल्या कुप्या बसवाव्यात, त्या कुप्यांतून वातावरणाचे किरण गाळून घ्यावेत आणि त्यांवरून निरनिराळ्या थरांतील तापमान ओळखावे. हे उपकरण एप्रिल १९७० मध्ये ‘निंबस ४’ ह्या अमेरिकन उपग्रहावरून अवकाशात गेले. ज्या वायूमुळे पृथ्वी तापत आहे, त्याच वायूचा हॉटन यांनी तापमापक केला होता. त्याचे गुणधर्म त्यांना कोणा ग्रंथावरून नव्हे, तर स्वतःच्या हातांनी केलेल्या मोजमापांवरून ठाऊक होते.

१९८३ साली ते ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. अंदाज वर्तविणाऱ्या खात्याला लोकांच्या रोषाचे धनी व्हावे लागते, आणि हॉटनही त्यातून सुटले नाहीत. १९८७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात दक्षिण इंग्लंडवर एका रात्री प्रचंड वादळ कोसळले; अठरा माणसे दगावली आणि सुमारे दीड कोटी झाडे उन्मळून पडली. त्याची पूर्वसूचना लोकांना नीटशी मिळाली नव्हती, म्हणून खात्यावर टीकेचा भडिमार झाला. ज्या माणसाला पुढे साऱ्या जगाला इशारा द्यावयाचा होता, त्याला इशारा अपुरा पडण्याची किंमत अशा रीतीने आधीच चुकवावी लागली होती.

१९८८ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आश्रयाखाली हवामानबदलविषयक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले, आणि त्याच्या शास्त्रीय कार्यगटाची धुरा हॉटन यांच्याकडे आली. ती त्यांनी २००२ सालापर्यंत वाहिली. अखेरच्या काळात चीनचे डिंग यीहुई हे त्यांचे सहअध्यक्ष होते. १९९० साली त्या गटाचा पहिला अहवाल निघाला. त्याच वर्षी हॉटन यांनी पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि त्यांचे मंत्रिमंडळ यांच्यापुढे हा विषय मांडला, आणि हवामानबदलाच्या अभ्यासासाठी हॅडली केंद्र ह्या संस्थेचे उद्घाटन थॅचरबाईंच्या हस्ते झाले. १९९१ साली हॉटन यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

ह्या मंडळाची कामाची रीत मोठी कष्टाची आहे. शेकडो शास्त्रज्ञ मिळून विस्तृत अहवाल लिहितात; परंतु राज्यकर्त्यांसाठी काढलेला त्याचा सारांश सर्व सरकारांच्या प्रतिनिधींसमोर ओळीओळीने वाचला जातो आणि एकमत झाल्यावाचून एकही ओळ पुढे सरकत नाही. १९९५ सालच्या नोव्हेंबरात माद्रिद येथे दुसऱ्या अहवालाच्या सारांशासाठी अशी सभा भरली. अध्यक्षस्थानी हॉटन होते. शंभराच्या आसपास राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले होते. पृथ्वीच्या वाढत्या तापमानात मनुष्याचा हात आहे काय, ह्या एका प्रश्नावर सौदी अरेबिया आणि कुवेत ह्या तेलसंपन्न देशांच्या प्रतिनिधींनी कसून हरकती घेतल्या. शास्त्रज्ञांना पुरावा दिसत होता, पण तो किती बळकट आहे हे सांगणारे विशेषण कोणते वापरावे ह्यावर वाद चालला. तीन दिवस चाललेली ही सभा अखेर रात्री उशिरा संपली. हवामानावर मनुष्याचा प्रभाव ओळखू येण्याजोगा झाला आहे, असे म्हणण्याकडे एकंदर पुराव्याचा कल आहे, ह्या अर्थाचे वाक्य सर्वमान्य ठरले. वाक्य सौम्य होते, आणि शास्त्रज्ञांच्या हाती त्या वेळी जेवढा पुरावा होता तेवढेच ते बोलत होते. पाच वर्षांनी, २००१ सालच्या जानेवारीत शांघाय येथे तिसरा अहवाल संमत झाला तेव्हा पुरावा वाढला होता आणि त्याबरोबर वाक्यही निश्चयात्मक झाले.

येथपर्यंतचा इतिहास एका कर्तबगार शास्त्रज्ञाचा आहे. परंतु हॉटन यांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. मोजमाप काय घडत आहे ते सांगते; त्याबाबत मनुष्याने काय केले पाहिजे, हे मोजमापाच्या पोटी जन्मास येत नाही. कोळसा जाळणारा एक आणि पुराच्या पाण्यात बुडणारा दुसरा असेल, तर पहिल्याने दुसऱ्याकरिता आपली सोय का सोडावी? हा प्रश्न तापमापक सोडवू शकत नाही. त्याचे उत्तर हॉटन यांना आपल्या धर्मात सापडले, आणि ते त्यांनी लपवून ठेवले नाही. पृथ्वीच्या तापमानवाढीची समग्र माहिती देणारा त्यांचा ग्रंथ १९९४ साली प्रसिद्ध झाला. आकडे आणि आलेख यांनी भरलेल्या त्या शास्त्रीय ग्रंथात त्यांनी आपल्याला ह्याची काळजी का असावी असे विचारणारे एक स्वतंत्र प्रकरण घातले आणि त्यात धर्माचा विचार मोकळेपणी मांडला.

त्यांच्या विचाराचे सार असे आहे. ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात मनुष्याला सत्ता दिली आहे हे खरे, परंतु दुसऱ्या अध्यायात त्याला एदेन बागेत कशासाठी ठेवले तेही सांगितले आहे. बागेची मशागत करावी आणि तिची राखण करावी, हे ते दुहेरी काम होय. बागेचा मालक देव. मनुष्य हा तिचा माळी. माळ्याला फळे खाण्याची मोकळीक आहे, झाडांची निगा राखण्याचे कौशल्य आहे, नवी रोपे लावण्याची हौसही आहे; पण बाग उजाड करून पुढच्या माळ्याच्या हाती देण्याचा अधिकार त्याला नाही. शुभवर्तमानांतील दृष्टांतांत कारभारी वारंवार येतो. धनी दूर गेलेला असतो, मालमत्ता कारभाऱ्याच्या हवाली असते, आणि धनी परत आल्यावर हिशेब मागतो. लूककृत शुभवर्तमानातील अशा एका दृष्टांताचा आशय असा की, ज्याच्या हवाली अधिक केले त्याच्याकडून मागणेही अधिक होणार. हॉटन हा दाखला वारंवार देत. श्रीमंत राष्ट्रांनी दोन शतके स्वस्त इंधनाचा लाभ घेतला. तेव्हा त्यांच्याकडून हिशेबही प्रथम मागितला जाईल, असे ते म्हणत. शेजाऱ्यावर प्रीती करावी ही आज्ञा तर प्रत्येक ख्रिस्ती मुलाला पाठ असते. वातावरण सर्वांचे एकच असल्यामुळे बांगलादेशातील सखल किनाऱ्यावरचा शेतकरी हाही इंग्लंडच्या गृहस्थाचा शेजारी ठरतो, आणि जे नातवंड अद्याप जन्मास आलेले नाही तेही शेजारीच ठरते. सृष्टीची नासाडी करणे हा निसर्गाचा अपराध तर आहेच, पण तो देवाचाही अपराध आहे, अशी त्यांची धारणा होती.

हा विचार लोकांत रुजावा म्हणून १९९७ साली जॉन रे ह्या सतराव्या शतकातील निसर्गाभ्यासक धर्मोपदेशकाच्या नावे ब्रिटनमध्ये एक संस्था निघाली आणि हॉटन तिचे अग्रणी झाले. परंतु त्यांची दृष्टी अटलांटिकपलीकडे होती. जगातील कर्बवायूचा फार मोठा वाटा त्या काळी अमेरिकेतून निघत होता, आणि अमेरिकेतील प्रौढांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या अक्षराला आणि वैयक्तिक हृदयपरिवर्तनाला प्राधान्य देणाऱ्या, पंथांचे होते. निवडणुकांत त्यांचे वजन मोठे होते. ह्या लोकांत पर्यावरणाची चळवळ म्हणजे निसर्गपूजकांचे किंवा राजकीय प्रतिपक्षाचे खूळ, असा समज पसरलेला होता. हॉटन स्वतः त्याच श्रद्धेच्या परंपरेत वाढले होते. त्यांची भाषा ह्या लोकांना परकी वाटण्याचे कारण नव्हते.

२००२ सालच्या जुलै महिन्यात ऑक्सफर्ड येथे त्यांच्या संस्थेने अमेरिकेतील एका समविचारी संस्थेच्या साह्याने परिषद भरविली. शास्त्रज्ञ, राज्यव्यवहारातील जाणते आणि ख्रिस्ती पुढारी असे सुमारे ७० लोक तीस आले होते. त्यांत अमेरिकेच्या राष्ट्रीय इव्हँजेलिकल संघाचे वॉशिंग्टनमधील प्रमुख प्रवक्ते रिचर्ड सिझिक हेही होते. ह्या संघाच्या छत्राखाली सुमारे ४५,००० मंडळ्या असल्याचे त्या वेळी सांगितले जाई. सिझिक आले ते नाखुशीनेच. परंतु हॉटन यांनी पुरावा एकामागून एक असा शांतपणे मांडला की, त्यांचे मत पार पालटले. आपल्याला आलेला हा अनुभव धर्मांतरासारखाच होता, असे ते पुढे सांगत. त्याच भेटीत ब्लेनहाइम राजवाड्याच्या बागेत फिरताना हॉटन यांनी त्यांना बजावले की, शास्त्राचे आणि धर्मग्रंथाचे म्हणणे पटले असेल तर आता बोलणे हे तुमचे कर्तव्य आहे. सिझिक यांनी ही आठवण अनेकदा सांगितली आहे. ह्या सल्ल्याची किंमत त्यांना पुढे मोजावी लागली.

२००५ सालच्या मार्चमध्ये हॉटन यांनी वॉशिंग्टन येथे ह्याच संघापुढे भाषण केले आणि जुलैमध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. फेब्रुवारी २००६ मध्ये ८६ इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी एक जाहीर पत्रक काढले. हवामानबदल खरा आहे, त्याचा मोठा फटका गरिबांस बसेल, आणि ख्रिस्ती श्रद्धा येथे कृतीची मागणी करते, असे त्या पत्रकाचे सांगणे होते. महाविद्यालयांचे प्रमुख आणि मोठमोठ्या मंडळ्यांचे पाळक सह्या करणाऱ्यांत होते. अमेरिकन वृत्तपत्रांनी ह्या घटनेची ठळकपणे दखल घेतली.

तथापि विरोधही तितकाच संघटित होता, आणि त्याचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे. काही धर्मपंडितांचा युक्तिवाद असा होता की, इंधन महाग केल्यास प्रथम गरीबच होरपळतील. ज्या देशांत अजून वीज पोचली नाही त्यांना कोळसा नाकारणे हा कसला शेजारधर्म? हा आक्षेप पोकळ नव्हता, आणि म्हणूनच कपातीचा भार श्रीमंत राष्ट्रांनी आधी उचलावा, ह्यावर हॉटन यांचा भर असे. दुसरा आक्षेप शुद्ध धार्मिक होता. जलप्रलयानंतर देवाने नोहाला वचन दिले की, पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन ही थांबणार नाहीत. मग मनुष्याच्या हातून हवामान बिघडेल असे मानणे म्हणजे देवाच्या वचनावर अविश्वास दाखविणे नव्हे काय? सिनेटर जेम्स इनहोफ यांनी २०१२ साली हेच वचन पुढे करून तापमानवाढीची भीती निराधार ठरविली. ह्यास माळ्याचा दाखला पुरेसे उत्तर देतो. ऋतू फिरत राहतील ह्या वचनाने माळ्याचे काम संपत नाही. पाऊस धन्याने पाठविला तरी पाट फोडून ठेवणाऱ्या माळ्याला त्याची जबाबदारी टळत नाही.

२००६ सालच्या त्या पत्रकावर सिझिक यांची सही नव्हती. संघातील वजनदार पुढाऱ्यांच्या दडपणामुळे त्यांना ती आवरावी लागली. २००७ सालच्या मार्चमध्ये जेम्स डॉब्सन आणि इतर पुढाऱ्यांनी संघाच्या कार्यकारिणीला पत्र लिहून त्यांना आवर घाला, नाहीतर दूर करा, अशी मागणी केली. कार्यकारिणीने ती मानली नाही. परंतु २००८ सालच्या डिसेंबरात एका वेगळ्याच सामाजिक प्रश्नावरील उद्गारांमुळे सिझिक यांना राजीनामा द्यावा लागला, आणि हवामानाच्या बाजूने बोलणारा एक आवाज त्या संघात उणा झाला.

हॉटन यांच्या सत्यनिष्ठेवरही घाला आला. संकटांची घोषणा केल्यावाचून लोक लक्ष देत नाहीत, अशा अर्थाचे एक वाक्य त्यांच्या १९९४ सालच्या ग्रंथातील म्हणून वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत वर्षानुवर्षे छापले जात होते. हवामानशास्त्रज्ञ मुद्दाम भय पसरवितात ह्याचा तो पुरावा मानला जाई. २०१० साली एका ब्रिटिश दैनिकाने शोध केला तेव्हा तसे वाक्य त्या ग्रंथात नाही, हे उघड झाले. ज्याने माद्रिदला एका विशेषणासाठी सभा रात्रीपर्यंत चालू दिली, त्याच्या तोंडी असे वाक्य घातले जावे, हा विचित्र न्याय म्हणावा लागेल.

असो. सृष्टीच्या राखणदारीचा हा विचार एकाच पंथापुरता किंवा एकाच देशापुरता राहिला नाही. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू दिमित्रिओस यांनी १९८९ सालीच १ सप्टेंबर हा दिवस सृष्टीच्या रक्षणासाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून जाहीर केला होता. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या काळजीविषयी पृथ्वीवरील प्रत्येक मनुष्याला उद्देशून विस्तृत पत्र प्रसिद्ध केले. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिस येथे राष्ट्रांचा करार झाला. मराठी मुलखातही ह्या विचाराचे एक उदाहरण आहे. वसईच्या किनाऱ्यावरील विहिरी, वाड्या आणि शेते बांधकामांच्या आणि पाणी उपसणाऱ्या टँकरांच्या तडाख्यात सापडली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे लोकांना उभे केले. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे आणि २०२० साली उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे हे धर्मगुरू २०२४ साली निवर्तले. त्यांचा झगडा पाण्याचा आणि जमिनीचा होता, कर्बवायूचा नव्हे. तरी त्याचे मूळ मशागत आणि राखण ह्या त्याच दोन शब्दांत होते.

हॉटन यांचे उत्तरायुष्य वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ॲबरडव्ही ह्या लहानशा गावी गेले. तेथील प्रेसबिटेरियन मंडळीचे ते एक वडील होते. २००७ साली आंतरराष्ट्रीय मंडळाला शांततेच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, त्यात त्यांच्या चौदा वर्षांच्या श्रमांचा भाग होता. १५ एप्रिल २०२० रोजी, करोनाच्या साथीत, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

त्यांच्या यशापयशाचा हिशेब मांडू गेल्यास तो एकेरी निघत नाही. त्यांनी १९९० साली पहिला अहवाल जगापुढे ठेवला तेव्हा हवेच्या दर दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारे ३५४ भाग होते. त्यांच्या मृत्यूच्या वर्षी ते ४१० च्या वर गेले होते. २०११ ते २०२० ह्या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे १.१ अंश सेल्सियसने चढले होते. अमेरिकेतील त्यांच्या धर्मबांधवांपैकी पुष्कळांचे मन त्यांना वळविता आले नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, श्रद्धा आणि विज्ञान यांपैकी एकाची निवड केलीच पाहिजे, ही समजूत त्यांनी आपल्या आचरणाने खोटी ठरविली. टेक्सासमधील कॅथरीन हेहो ह्यांच्यासारखे हवामानशास्त्रज्ञ पुढे ख्रिस्ती सभांतून निर्भयपणे बोलू लागले, त्यांना ती वाट मळलेली मिळाली.

लिन व्हाइट यांच्या आरोपाला हॉटन यांचे जीवित हे एक उत्तर आहे; मात्र ते एका माणसाचे उत्तर आहे. धर्मग्रंथात सत्तेचे वचनही आहे आणि राखणीची आज्ञाही आहे. कोणत्या वचनावर बोट ठेवावयाचे, हे वाचणाराच ठरवितो, आणि तेथेच त्याची कसोटी लागते. अज्ञानी माणसाला पूर येणार हे ठाऊक नव्हते असे म्हणता येते. पण टिंडल यांच्यापासून शांघायच्या सभेपर्यंत सुमारे दीडशे वर्षांत जे ज्ञान गोळा झाले, त्यानंतर ही सबब सुशिक्षित समाजाला उरलेली नाही. ख्रिस्ती श्रद्धेत त्याला कारभाऱ्याचा हिशेब म्हणतात, आणि विश्वस्ताचे कर्तव्य म्हणून ही कल्पना इतर धर्मांच्या लोकांनाही परकी नाही. ज्ञान हीसुद्धा एक ठेव आहे. ज्याच्यापाशी ती आली, त्याला ती कशी वापरली हे सांगावे लागेल. हॉटन यांनी आपला हिशेब चोख देऊन ठेवला. ज्यांच्यासाठी त्यांनी तो मांडला, त्यांचा हिशेब अद्याप पुरा व्हावयाचा आहे.